तोंड उघडायला लावणारा तास

आपल्या होस्टेलमध्ये बोलणाऱ्यांची काही कमी नाही! मेसच्या डाळीपासून क्रिकेट टीमच्या सिलेक्शनपर्यंत रात्री दोन वाजेतो चर्चा चालते. एकाच मजल्यावर झाडीबोली, पोवारी, छत्तीसगढी आणि हिंदी कानावर पडते, आणि बाहेरून आलेला मुलगाही महिन्याभरात "काऊन बे, का करून राहिला?" बिनधास्त विचारायला लागतो. त्याला हे कोणी व्याकरणाने शिकवलेले नसते. मग हीच पोरे इंग्रजीच्या तासाला आणि कॅम्पसच्या ग्रुप डिस्कशनला एकदम मुकी का होतात?

राज्यातल्या मराठी शाळांत जून २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आले. त्याआधी ते पाचवीपासून होते. म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांनी बारा-बारा वर्षे इंग्रजी शिकले आहे. पण ते कसे? सरांनी वाचायचे, आपण ऐकायचे, फळ्यावरचे वहीत उतरवायचे आणि पेपरात गाळलेल्या जागा भरायच्या. बोलायची गरजच कधी पडली नाही. ज्याची गरज पडत नाही ते येत नाही, इतके हे सरळ गणित आहे. पर्सेंटेज चांगले असूनही एखादा मुलगा दहा मिनिटांच्या चर्चेत बाद होतो, तेव्हा त्याची ब्रँच कच्ची नसते, त्याला बोलायची सवय नसते.

ही गरज वर्गात मुद्दाम तयार करता येते. याचा आपल्या देशातला नावाजलेला प्रयोग म्हणजे एन. एस. प्रभू यांचा. १९७९ ते १९८४ या काळात बंगलोर आणि मद्रासकडच्या साध्या शाळांमध्ये त्यांनी व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना इंग्रजीतून सोडवायची कामे दिली : नकाशे, वेळापत्रके, छोटी कोडी. डोके उत्तर शोधण्यात गुंतले की भाषा मागोमाग येते, असा त्यांचा विचार होता. पुढे जगभर 'टास्क'वर आधारलेले शिक्षण म्हणून जे गाजले, त्याची एक मोठी मुळी या शाळांमध्ये आहे.

वेळापत्रक म्हटले की गोंदियावाल्यांना वेगळे सांगायला नको. आपल्या जंक्शनवरून विदर्भ एक्स्प्रेस मुंबईला, महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापूरला सुटते; शिवाय एक फाटा बालाघाट-जबलपूरकडे, दुसरा नागभीडकडे जातो. आता दोन कागद करा. एकावर मेन लाइनच्या गाड्यांच्या वेळा, दुसऱ्यावर बालाघाट आणि नागभीडकडच्या. जोडीतल्या दोघांना एकेक कागद द्या, आणि एकमेकांना दाखवायचा नाही अशी अट घाला. काम असे : "कोल्हापूरहून येणाऱ्या मित्राला त्याच दिवशी बालाघाटला पोचवा." माझी माहिती तुझ्याकडे नाही, तुझी माझ्याकडे नाही, न बोलता सुटका नाही! याला 'इन्फर्मेशन गॅप' म्हणतात.

आपल्या लोकांसाठी याचा इंजिनिअरिंग अवतार तर फारच भारी आहे. दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचे. एकाच्या हातात आयसोमेट्रिक व्ह्यू किंवा साधे सर्किट, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद आणि पेन्सिल. पहिल्याने इंग्रजीतून सांगायचे, दुसऱ्याने काढायचे. कळले नाही तर विचारायचे, पण मागे वळून बघायचे नाही. शेवटी दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की वर्गात जो हशा पिकतो, त्यात भीती निम्मी पळून जाते. शिवाय 'लेफ्ट', 'पॅरलल', 'अबव्ह' हे शब्द पाठ करूनही जे डोक्यात बसत नाहीत, ते इथे बसतात. माझ्या मते लँग्वेज लॅबमध्ये हेडफोन लावून ऐकत बसण्यापेक्षा हे दहापट बरे, आणि खर्च म्हणाल तर एका झेरॉक्सचा.

ग्रुप डिस्कशनचा आजार वेगळा. आठ जणांत दोघे बोलतात, बाकीचे मान डोलावतात. त्यावर आगपेटीचा उपाय आहे. प्रत्येकाला तीन काड्या द्यायच्या. बोलताना एक काडी मध्ये टाकायची. काड्या संपल्या की त्याने गप्प बसायचे, आणि सगळ्यांच्या काड्या पडल्याशिवाय चर्चा संपवायची नाही. विषय मात्र जवळचा घ्या. 'ग्लोबलायझेशन' नको. सारस वाचवायचा तर धानाच्या शेतकऱ्याला काय द्यावे, नागझिऱ्यात गाड्या किती सोडाव्यात, असे विचारा. इथे प्रत्येकाचे काही ना काही मत असतेच.

एकट्याने बोलायचा सराव हवा असेल तर ४-३-२. एकच विषय पहिल्या मित्राला चार मिनिटांत सांगायचा, तोच दुसऱ्याला तीन आणि तिसऱ्याला दोन मिनिटांत. ऐकणारा दरवेळी नवा, म्हणून कंटाळा येत नाही. मजकूर तोच, म्हणून अडखळणे कमी होते. पॉल नेशन यांनी १९८९ मध्ये यावर अभ्यास केला आहे. होस्टेलच्या रूममध्येही हे जमते, चार जण पुरेत.

आता थोडे सर-मॅडमसाठी, आगाऊपणा वाटला तर माफी असावी. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात मोजून पाहिले, तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत होते. ते तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरे लांबली आणि गप्प मुलेही बोलू लागली. आम्ही तर आधी मराठीत विचार करतो, मग इंग्रजी जुळवतो. आम्हाला पाच सेकंद द्या! चूक झाली तर वाक्याच्या मध्ये तोडू नका. नाव न घेता चुका लिहून ठेवा आणि शेवटच्या पाच मिनिटांत फळ्यावर घ्या. आणि तयारीच्या वेळी मराठी-हिंदी कानावर आली तर येऊ द्या, सादर करताना इंग्रजी असले म्हणजे झाले.

हे सगळे शहरातच होते असे समजू नका. तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडीवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेत २०१९ मध्ये मुलांना परदेशी भाषा निवडायला सांगितले. रोबोटिक्सच्या ओढीने त्यांनी चक्क जपानी निवडली! २०२० मध्ये वर्ग ऑनलाइन चालले. सगळ्यांकडे मोबाईल नव्हते, म्हणून शिकलेल्या मुलांनी 'विषयमित्र' होऊन बाकीच्यांना शिकवले. दुसऱ्याला शिकवायचे म्हणजे बोलावे लागतेच. आपल्याकडे सीनियरने फर्स्ट इयरच्या दोघा-तिघांना आठवड्यातून एक संध्याकाळ घेतले, तर सुरुवात पाठीला पाठ लावून करता येईल. ड्रॉइंगच्या जुन्या शीट्स तर प्रत्येक रूममध्ये पलंगाखाली पडलेल्याच आहेत.