घरातलं तळं (भाग ७) : जोडी जमली, आता शेजाऱ्यांचं काय?

टाकीतले गुरामी, मोली, टेट्रा वरच्या एका कोपऱ्यात दाटीवाटीने उभे आहेत आणि उरलेल्या टाकीत दोनच एंजल ऐसपैस फिरताहेत, असं दिसलं की समजावं, एंजलची जोडी जमली. कळंबच्या वाचकांकडून गेल्या काही आठवड्यांत सर्वांत जास्त विचारणा याचीच झाली. ‘सगळे मासे एकत्र राहतात असं दुकानदार म्हणाला होता,’ ही तक्रार त्यात ठरलेली. दुकानदार चुकीचं सांगत नाही. रुपयाएवढी एंजलची पिल्लं खरोखरच कुणाच्या वाटेला जात नाहीत. सहा महिने ते वर्षभरात ती वयात येतात आणि तिथून टाकीचा नकाशा बदलतो.

एंजल हा सिक्लिड कुळातला मासा. या कुळात दीड हजाराहून अधिक जाती आहेत आणि त्यातली एक आपल्याकडे ताटातच येते. भिगवणच्या बाजारात उजनीची म्हणून विकली जाणारी चिलापी ही मूळची आफ्रिकेची, 1952 मध्ये भारतात आणलेली. चिलापीचा नर उथळ पाण्यात तळाशी खळगा करतो आणि दुसऱ्या नराला तिथे फिरकू देत नाही. मादी अंडी तोंडात धरून उबवते. एंजलमध्ये मात्र राखणीचं काम नर-मादी मिळून करतात. म्हणून मार दोन बाजूंनी बसतो.

खुणा आधीच दिसू लागतात. दोघं मिळून फिल्टरचा पाइप, रुंद पान किंवा काचेचा एखादा भाग तोंडाने घासून साफ करतात. एकमेकांसमोर अंग थरथरवतात, कधी ओठात ओठ धरून ओढाताण करतात. पोटाखाली अंडी घालायची बारीक नळी बाहेर दिसली की एक-दोन दिवसांत अंडी पडणारच. अंडी साधारण दोन दिवसांत फुटतात, पुढचे चार-पाच दिवस पिल्लं तिथेच चिकटून वळवळतात आणि मग पोहू लागतात. हा आठवडा सर्वांत कडक. अंडी नासली किंवा रात्री तळाशी फिरणाऱ्या सकर माशाने खाल्ली, तर जोडी दहा-पंधरा दिवसांत पुन्हा अंडी घालते आणि हाणामारी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून ‘चार दिवस थांबू, शांत होतील’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही.

बहुतेक जण काय करतात? मार खाणारे मासे काढतात आणि जोडीला एकटं सोडतात. बऱ्याचदा हे जमूनही जातं. पण काही वेळा तिसऱ्याच दिवशी नर मादीच्या अंगावर जातो, तिचे पर फाडतो. याचं कारण ऑस्ट्रियाचे प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लॉरेंझ यांनी 1963 च्या आपल्या पुस्तकात फार छान उलगडलं आहे. एका टाकीच्या मध्ये काच आणि दोन्ही बाजूंना सिक्लिडची एकेक जोडी, अशी मांडणी होती. नर काचेतून पलीकडच्या नराशी भांडत आणि आपापल्या मादीशी नीट वागत. काचेवर शेवाळ चढून पलीकडचं दिसेनासं झालं, तसे ते स्वतःच्याच मादीवर धावून जाऊ लागले. काच पुसली, शेजारी पुन्हा दिसला आणि घरातली भांडणं मिटली. राखणीसाठी अंगात चढलेला आवेश बाहेर जायला जागा मागतो. शेजारीच नसेल, तर तो जोडीदारावर निघतो. लॉरेंझ यांना 1973 मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

म्हणून माझा आग्रह असा : शेजारी वेगळे करा, पण नजरेआड करू नका. जोडीसाठी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी घ्या. तिच्यात जवळजवळ 57 लिटर पाणी मावतं. ती मोठ्या टाकीच्या काचेला काच भिडवून ठेवा. दुसऱ्या टाकीला जागा नसेल, तर मोठ्या टाकीतच प्लॅस्टिकची जाळी उभी बसवून एक तृतीयांश भाग जोडीला द्या. अंडी घालायची फरशी जाळीपासून दूरच्या टोकाला ठेवा. जाळी तळापासून पाण्याच्या वरपर्यंत हवी, कारण बोटभर फट राहिली तरी घाबरलेला मासा चुकीच्या बाजूला शिरतो.

फरशीचं एक सांगायलाच हवं. आपल्याकडे हाताशी असते शहाबादी, पण ती चुनखडीची. पाण्यात हळूहळू विरघळते आणि जडपणा वाढवते. आपलं बोअरचं पाणी बहुधा आधीच जड. फार जड पाण्यात एंजलची अंडी नीट फळत नाहीत, पांढरी पडतात. त्यापेक्षा बाथरूमच्या भिंतीच्या टाइलचा उरलेला तुकडा तिरका उभा करावा.

मार खाल्लेल्या माशाला आधी बाहेर काढा. उथळ, पसरट टब घ्या. भारनियमनात पंप बंद पडला तरी रुंद पृष्ठभागातून पाण्यात हवा मिसळत राहते. लिटरला एक ग्रॅम खडे मीठ, अंधार आणि त्याच टाकीतलं पाणी. फाटलेले पर बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत भरून येतात. परत सोडताना टाकीतले दगड-झाडं आधी हलवून ठेवावीत. जुन्या हद्दी मोडल्या की सगळ्यांना नव्याने सुरुवात करावी लागते आणि नवख्यावर एकट्यावर रोख राहत नाही.

फ्लॉवरहॉर्न हाही सिक्लिडच, पण त्याला यातलं काही लागू नाही. तो एकटाच ठेवावा. त्याची पैदास करणारेही नर-मादीत जाळी ठेवूनच करतात.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत जवळचा आहे. जोडी वेगळी केल्यावर किंवा पिल्लं वाढल्यावर मासे उरतात आणि कुणीतरी सुचवतं, ‘मांजरा नदीत सोडून द्या, पुण्य लागेल.’ कृपा करून असं करू नका. टाकीतून सुटलेला सकर आज देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत पसरला आहे आणि तिथल्या मूळच्या माशांच्या मुळावर आला आहे. उरलेले मासे दुकानात परत द्या, शाळेच्या टाकीला द्या, ओळखीतल्या हौशी माणसाला द्या. मांजरेत मात्र एकही सोडू नका.

(पुढच्या आठवड्यात : एंजलच्या पिल्लांचं पहिल्या पंधरवड्यातलं खाणं)