टर्बो इंजिनाला सिलिंडरमागे व्हॉल्व्ह दोन की चार?

मागच्या वेळी आपण टर्बो समजून घेतला. उठता उठता उत्तनच्या एका नाखव्यांनी विचारलं, "टर्बो हवा ढकलतोच आहे ना? मग चार व्हॉल्व्हच्या हेडला जास्त पैसे कशाला मोजायचे?" प्रश्न रास्त आहे. बोटीत इंजिन बदलायचं म्हणजे लाखांचा मामला.

आधी जागेचा हिशेब करू. 30 सेंटिमीटरचं ताट घ्या. त्यात सारख्या दोन वाट्या बसवल्या तर प्रत्येक जास्तीत जास्त 15 सेंटिमीटरची; ताटाची निम्मी जागा व्यापली जाते. चार बसवल्या तर प्रत्येक साधारण 12.4 ची, पण मिळून जागा व्यापतात 69 टक्के. शिवाय व्हॉल्व्ह उचलला की हवा त्याच्या कडेनं जाते. एका मोठ्या वाटीची कड 47 सेंटिमीटर, दोन लहान वाट्यांची मिळून 78. प्रत्यक्ष हेडमध्ये मध्ये धातू सोडावा लागतो, म्हणून फायदा थोडा कमी होतो, पण होतो.

आता टर्बो. आत जाणारी वाट अरुंद असली तरी टर्बो दाब वाढवून हवा भरतो. मात्र हे फुकट होत नाही. जास्त दाबासाठी टर्बाइनला जास्त जोर लागतो, तो एक्झॉस्टमधून येतो, आणि पिस्टनला जळका वायू बाहेर ढकलायला जास्त कष्ट पडतात. आरपीएम वाढतील तसा हा भार वाढतो.

म्हणून दोन व्हॉल्व्ह टाकाऊ का? मुळीच नाही. आपल्या रस्त्यांवरच्या दोन गाड्या आठवा. डस्टरचं 1461 सीसीचं डिझेल इंजिन सिलिंडरमागे दोनच व्हॉल्व्हचं. तरी मोठ्या आवृत्तीत सुमारे 110 हॉर्सपॉवर देई. स्विफ्टचं 1248 सीसीचं डिझेल चार व्हॉल्व्हचं. ते सुमारे 75 देई. दर लिटरला पहिलंच पुढे! टर्बो, इंटरकूलर आणि इंधनाचं माप यांनी ताकद ठरली, नुसत्या व्हॉल्व्हच्या संख्येनं नाही.

मग डिझेलमध्ये चार व्हॉल्व्हचा खरा लाभ कशात? इंजेक्टर बरोबर मधोमध आणि सरळ उभा बसतो. फवारा चहूबाजूंनी सारखा पडतो, धूर कमी होतो. दोन मोठ्या व्हॉल्व्हमध्ये त्याला बाजूला, तिरकं बसावं लागतं. पेट्रोलमध्येही तेच: प्लग मध्यावर आला की ज्वाळा सगळीकडे लवकर पोचते, नॉकिंगचा धोका घटतो, आणि टर्बोचा दाब वाढवायला वाव मिळतो.

आता नाखव्यांचं उत्तर. बोटीचं इंजिन तासन्‌तास एकाच मध्यम आरपीएमवर चालतं. तिथे दोन व्हॉल्व्हचं हेड पुरतं. सहा सिलिंडरला 12 व्हॉल्व्ह घासायचे की 24, हा फरक बंदरावर काम करून घेताना कळतो. पण डिझेलचा खर्च जास्त असेल, धुराचे नियम कडक असतील, किंवा घोडबंदर रोडच्या चढावर भरलेला ट्रक न्यायचा असेल, तर चार व्हॉल्व्हचे पैसे वसूल होतात.

म्हणून दुकानदाराला "व्हॉल्व्ह किती?" हे शेवटी विचारा. आधी विचारा: आपल्या कामाच्या आरपीएमवर जोर किती, डिझेल किती पितं, आणि हेड उघडायची वेळ आली तर इथे मिस्त्री आणि सामान मिळेल का? समुद्रात बंद पडलेल्या इंजिनाला कागदावरची ताकद उपयोगी पडत नाही.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.