बर्फाच्या देशीं दोन वर्षांचें बाळ

नोकरीनिमित्त जपानांत जाऊन राहिलेलीं महाराष्ट्रीय कुटुंबें आतां थोडीथोडकीं नाहींत. टोकियोच्या एदोगावा विभागांत तर भारतीयांची वस्ती बरीच दाट असून, २०१९ सालीं तेथील विभागसभेवर मूळचे महाराष्ट्रीय असलेले श्री. योगेंद्र पुराणिक हे निवडून आले. अशा घरांतून हिंवाळ्याच्या सुटींत बर्फाच्या डोंगरावर जाण्याचा बेत ठरला, कीं इकडे आजी-आजोबांच्या पोटांत गोळा उठतो. "दोन वर्षांच्या पोराला घेऊन बर्फांत?" हा त्यांचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. त्याचें उत्तर उत्साहाच्या भरांत न देतां विचारपूर्वक दिलें पाहिजे.

प्रथम हा बर्फ येतो कोठून तें पाहूं. सैबेरियांतून निघालेले कोरडे, गार वारे जपानच्या समुद्रावरून येतांना त्याची वाफ शोषून घेतात आणि देशाच्या मध्यभागीं असलेल्या पर्वतांना अडून पश्चिमेकडील निईगाता प्रांतांत ती हिमरूपानें टाकतात. पर्वतापलीकडे टोकियोस मात्र आकाश निरभ्र! आम्हां राहूकरांस हें समजण्यास भूगोलाचें पुस्तक नको. सह्याद्रीनें पाऊस घांटमाथ्यावर अडवावा, लोणावळ्यास तो धो धो कोसळावा, आणि भीमा व मुळामुठा यांच्या मधल्या आमच्या शेतकऱ्यानें ढगांकडे पाहत बसावें. त्याच्या उंसाला पाणी मिळावयाचें तें नदीच्या वाटेनें. तिकडेहि वसंतांत बर्फ वितळून उवोनुमाच्या भातखाचरांत उतरतो, आणि तेथील कोशिहिकारी तांदूळ साऱ्या जपानांत नांवाजलेला आहे. कालिदासानें कुमारसंभवांत हिमाला हिमालयाचा एक क्षम्य दोष मानलें. निईगाताच्या शेतकऱ्यानें त्या दोषावरच आपलें पोट भरलें.

परंतु बर्फाखालीं गाडल्या जाणाऱ्या गांवांचे हालहि थोडे नव्हते. एचिगो प्रांतांतील सुझुकी बोकुशी यानें १८३७ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'होकुएत्सु सेप्पु' या ग्रंथांत ते वर्णिले आहेत. पुढें १९११ च्या जानेवारींत फॉन लेर्ख नांवाच्या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्यानें ताकादा येथें जपानी सैनिकांना पायांस लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरण्यास, म्हणजे स्की करण्यास, शिकविलें. आणि जो बर्फ केवळ संकट होता तो खेळाचें मैदान झाला. १९७२ सालीं साप्पोरो येथें व १९९८ सालीं नागानो येथें हिंवाळी ऑलिंपिक सामने भरले. नागानोच्या सामन्यांत मनालीचा सोळा वर्षांचा शिव केशवन् हा भारतातर्फें बर्फावरील घसरगाडीच्या शर्यतींत उतरला होता.

१९८२ पासून वेगवान आगगाडी या प्रदेशांत जाऊं लागली. टोकियोहून युझावा सुमारें सव्वा तासाच्या अंतरावर आहे, आणि तेथील गाला युझावा स्थानकांतूनच डोंगरावर जातां येतें. लहान मूल बरोबर असतां ही सोय फार मोलाची. कारण मूल कंटाळलें कीं परत फिरतां येतें.

आतां मुख्य मुद्दा. लहान मुलाचें वैर थंडीशीं जितकें आहे, त्याहून अधिक ओलीशीं आणि मोठ्यांच्या घाईशीं आहे. वजनाच्या मानानें मुलाच्या अंगाचा पृष्ठभाग मोठा, म्हणून त्याची ऊब लवकर निघून जाते. त्यांतून बाप घसरगाडी ओढीत असतो, त्याला घाम फुटतो. मूल मात्र गाडींत स्वस्थ बसून गारठत असतें. तेव्हां आपल्या अंगावरून मुलाच्या थंडीचा अंदाज करूं नये. मानेमागें कपड्यांत हात घालून पाहावा. अंगालगत सुती कपडा नको, कारण ओला झाला कीं तो लवकर वाळत नाहीं. आंत पातळ लोकरी, त्यावर जाड आणि सर्वांवर पाणी न शिरणारा, असे तीन थर असावेत. हातमोज्यांचा दुसरा जोड नेहमीं जवळ ठेवावा. ताज्या बर्फावरून सूर्याचे अतिनील किरण शेंकडा ८० पर्यंत परत फिरतात, म्हणून बाळालाहि काळा चष्मा हवा. थोडा वेळ खेळून झाला कीं त्याला आंत उबेंत न्यावें. बोटें किंवा कान पांढरे पडल्यास बर्फानें चोळणें अपायकारक आहे. ओले कपडे काढून आईच्या काखेंत ऊब द्यावी आणि लागलीच डॉक्टरांस दाखवावें.

दोन वर्षांच्या मुलाला पट्ट्या बांधण्याची घाई करूं नये. शिकवणी बहुधा तीन-चार वर्षांपुढेंच सुरू होते. त्याला बर्फाचा गोळा आणि घसरगाडी पुष्कळ झाली. मूल पाठीवर बांधून मोठ्यांनीं घसरणें तर सर्वथा वर्ज्य समजावें. आईबापांनीं पाळीपाळीनें खेळावें. आणि आजी बरोबर असेल तर तिला दिवसभर पोर सांभाळण्यास खोलींत बसवूं नये. बर्फ पाहण्याची हौस तिलाहि असते.

शाकाहारी घरांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, जपानी सारांत बहुधा मासळीचा अर्क असतो. भात मात्र सर्वत्र उत्तम मिळतो. मेतकुटाची पुडी बरोबर असली कीं बाळाचें जेवण झालें. उष्णोदकाचीं स्नानगृहें मोठ्यांना सुखाचीं, परंतु तें पाणी बहुधा ४० अंशांच्या वर असल्यामुळें बालकाच्या कोमल अंगास फार ऊन पडतें. त्याला खोलींतच कोमट पाण्यानें न्हाऊं घालावें.

अकिता प्रांतांतील योकोते गांवीं फेब्रुवारीच्या मध्यास बर्फाच्या घुमट्या रचतात. आंत जलदेवतेची पूजा मांडून मुलें बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हांक मारून गोड, ऊन पेय देतात. दिवाळींत मातीचे किल्ले करणाऱ्या आपल्या मुलांना हा सण परका वाटणार नाहीं.

"मोठेपणीं त्याला यांतलें काय आठवणार?" असाहि आक्षेप घेतला जातो. फारसें आठवणार नाहीं, हें खरें. परंतु अंगाई तरी कोणाला आठवते? म्हणून ती गाण्याचें कोणी सोडीत नाहीं. सहल मुलाच्या पावलानें होणार असेल, तर आजी-आजोबांनीं निर्धास्तपणें अनुमति द्यावी. ती मोठ्यांच्या खेळाच्या ओढीनें होणार असेल, तर दोन वर्षें थांबण्यास सांगावें. आणि त्यांचें तें सांगणें मुलांनीं व सुनांनीं मानावें.