ताडपत्रीखालची जमीन



मागच्या मे महिन्यात आम्ही नेहमीप्रमाणे वाडीवर ताडपत्र्या वाटायला गेलो. विजयदुर्गहून खाडीच्या कडेने वर गेले की सड्यावर कातकऱ्यांची अकरा खोपटी आहेत. आपल्यापैकी पुष्कळांनी त्यांच्यासाठी देणगी दिली आहे. एका म्हातारीने ताडपत्री घेतली, घडी न मोडता काखेत धरली आणि म्हणाली, "ताई, दर सालाक वरसून झाकतंस. खालची जागा कोणाची, ता कधी इचारतलंस?"

जागा एका बागायतदारांची आहे. माणूस मोठ्या मनाचा. आमच्या नाताळच्या कार्यक्रमाला त्यांचा टेम्पो दरवर्षी फुकट यायचा. त्यांनी वाडीला सांगून ठेवले होते की दिवाळीनंतर जागा मोकळी करा, तार ओढून कलमे लावायची आहेत. मला हे एप्रिलपासून ठाऊक होते. मी प्रार्थना केली, पण बोलले कोणाशीच नाही. आणि त्या गप्प बसण्याला मी मनातल्या मनात 'शांती राखणे' म्हणत होते.

अध्यात्म आणि समाजपरिवर्तन यांचा मेळ कसा घालावा, यावर या अंकासाठी लिहायचे ठरले, तेव्हा म्हातारीचा प्रश्न बाजूला ठेवून लिहिता येईना. म्हणून तिथूनच सुरुवात केली.

'द्वंद्वात्मक विचार' हा शब्द ऐकला की आपल्या मंडळ्यांमधले लोक सावध होतात, कारण तो आपल्याकडे लाल झेंड्याबरोबर आला. पण ज्या हेगेलकडून मार्क्सने ही पद्धत घेतली, तो ट्यूबिंगेनच्या सेमिनरीत ईश्वरविज्ञान शिकलेला होता. विसाव्या शतकात कार्ल बार्थ यांच्या सुरुवातीच्या ईश्वरविज्ञानालाही द्वंद्वात्मक म्हणत. डिप्लोमाला असताना या विषयावर एकच तास झाला. त्यातले मला समजले ते असे : एकाच परिस्थितीत दोन बाजू एकमेकींवर जगत असतात आणि एकमेकींच्या विरुद्धही असतात. हा अंतर्विरोध झाकून ठेवला तर तो आत कुजतो. उघड झाला, तर त्यातून दोन्ही बाजूंना बदलावे लागते.

इथे समुद्रकाठी कोणी याला भरती-ओहोटीची उपमा देईल. मला ती पटत नाही. पाणी सुमारे बारा तासांनी पुन्हा जागच्या जागी येते. त्यापेक्षा योहान १२:२४ मधला गव्हाचा दाणा घ्या. तो मातीत पडून मेला की पुन्हा दाणा राहत नाही.

आमच्या वाडीत हा अंतर्विरोध रोज दिसतो. कातकरी तिथे राहतात म्हणून बागेला बिनपगारी राखण मिळते, आणि बागायतदार राहू देतात म्हणून कातकऱ्यांना छप्पर मिळते. दया आणि परावलंबन यांची गाठ एकच आहे. त्या गाठीवर आम्ही वर्षानुवर्षे ताडपत्री घालत होतो.

आता थोडे लांब, खानदेशात जाऊ या, कारण भजन आणि संघर्ष एकत्र कसे आले याचे आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत चांगले उदाहरण शहाद्याचे आहे. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते, आज नंदुरबारमध्ये आहे. तिथल्या भिल्लांच्या जमिनी कर्जापायी, धान्याच्या पोत्यापायी मोठ्या शेतकऱ्यांकडे गेल्या होत्या आणि त्याच जमिनीवर ते सालदार म्हणून राबत होते. सालदार म्हणजे वर्षाच्या करारावर बांधलेला गडी.

या लोकांत सुधारणेची पहिली हाक धर्माच्या भाषेत आली. १९२२-२३ च्या सुमारास देवीची चळवळ आली. देवी अंगात येऊन सांगे की दारू सोडा, रोज आंघोळ करा, दारूवाल्याकडे जाऊ नका. गंमत अशी की हिचा उगम डोंगरात नाही, पालघरकडच्या मच्छीमारांत झाला. तिथून ती डोंगरात चढली. पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीस गुलाम महाराजांच्या आरतीला हजारो आदिवासी जमू लागले. आपण अशा गोष्टींना अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतो. पण ज्याला सगळे 'ए' म्हणून हाक मारतात, त्याने आंघोळ करून, दारू न पिता ताठ उभे राहणे हा त्या काळातला पहिला नकार होता.

याच मातीत अंबरसिंग महाराज सुरतवंती हे भिल्ल कार्यकर्ते तयार झाले. ते भजने म्हणत, व्यसन सोडा म्हणून सांगत. सर्वोदयवाल्यांशी त्यांचा संबंध होता. १९७१ साली पाटीलवाडीला भुकेल्या आदिवासींवर गोळीबार झाला आणि भजनाच्या मंडळीसमोर जमिनीचा प्रश्न उघडा पडला. ३० जानेवारी १९७२ रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीला, शहाद्याला भूमुक्तीची परिषद भरली. मुंबई-पुण्याकडचे शिकलेले तरुण तिथे काम करायला आले. त्यांतले बरेच मार्क्सवादी विचाराचे होते. त्यांच्याबरोबर श्रमिक संघटना उभी राहिली.

देव मानणारे आणि न मानणारे एकत्र नांदले कसे? गुण्यागोविंदाने नव्हे. वाद होतेच. पण तरुणांकडे सातबारा वाचण्याची, मजुरी आणि मालकी यांचे नाते उलगडण्याची दृष्टी होती, आणि महाराजांकडे लोकांचा विश्वास होता, जो पुस्तकातून येत नाही. दोघांनाही एकमेकांकडून घ्यावे लागले. मला सर्वांत मोलाची वाटते ती बायकांची गोष्ट. दारू सोडा हा जुना उपदेश त्यांनी स्वतः हाती घेतला, गावोगावी दारूची मडकी फोडली, आणि मग बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांनाही जाब विचारला. ते कोणत्याही पुढाऱ्याने आधी ठरवलेले नव्हते. महाराज १९७४ साली वारले. त्याच वर्षी राज्याने आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा केला.

धुळ्याचेच शरद पाटील यांनी मार्क्सला फुले-आंबेडकरांच्या विचाराची जोड देऊन १९७८ साली सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. त्याच सुमारास डहाणूकडे कष्टकरी संघटना उभी राहिली. तिच्या संस्थापकांत येशूसंघात घडलेले तरुण होते. म्हणजे ख्रिस्ती माणसांना हा रस्ता अगदीच नवा नाही.

पवित्र शास्त्रात मला शहाद्याचे प्रतिबिंब नहेम्याच्या पाचव्या अध्यायात दिसते. आपल्याकडे नहेम्या आठवतो तो मंदिराच्या बांधकाम निधीच्या वेळी, तटबंदी बांधणारा म्हणून. पण तट अर्धवट असतानाच लोक आणि त्यांच्या बायका ओरड करत आल्या की दुष्काळात धान्यासाठी आमची शेते, द्राक्षमळे, घरे गहाण पडली आणि मुले गुलाम झाली. ओरड परक्यांविरुद्ध नव्हती, आपल्याच भावांविरुद्ध होती. नहेम्या संतापला. त्याने बांधकाम मोठे म्हणून हा तंटा मागे टाकला नाही. सभा बोलावली आणि शेते आजच परत करा म्हणाला. दहावे वचन वाचताना मी थांबते : मी आणि माझी माणसेही धान्य-पैसा उसना देत आहोत, हे तो सर्वांसमोर कबूल करतो. लेवीय २५ मध्ये पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ कुळाकडे परतते, ती आज्ञा. नहेम्यात ती आज्ञा कोणाचे तरी नुकसान करून अमलात येते.

तर आमच्या वाडीचे काय झाले ते सांगते. जूनमध्ये म्हातारी, दोन तरुण आणि मी बागायतदारांकडे गेलो. मी एकटी जाऊन रदबदली करणार होते; म्हातारीने अडवले. तीच बोलली, मी ओटीच्या कडेला बसले. जायच्या आधी त्यांनी आपल्या देवापुढे नारळ ठेवला, आणि मी बाजूला उभी राहून प्रभूला हाक मारली. काही वाचकांना हे रुचणार नाही. मला तेव्हा दुसरे काही सुचले नाही.

मालक दुखावले. "इतकी वर्षे राहू दिले, हेच का त्याचे फळ?" असे म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे अगदी खोटे नव्हते. यंदा नाताळला टेम्पो भाड्याने आणावा लागला. दोन देणगीदारांनी लिहिले की मिशन राजकारणात पडले. त्यांना मी पत्राने उत्तर दिले आहे, पण इथेही सांगते : रायगडमध्ये अनेक कातकरी वाड्या अशाच दुसऱ्याच्या जमिनीवर आहेत. जमिनीचा भाव वाढला की कुंपण येते. त्यावर तिथे वाडीची जागा गावठाणात घेण्याची मागणी लोकांनीच लावून धरली. घरकुल मंजूर झाले तरी ते बांधायला जागा लागते, आणि कुंपण आले की आपली ताडपत्रीही पहिल्याच दिवशी बाहेर फेकली जाते.

ऑगस्टच्या ग्रामसभेत वाडीची जागा गावठाणात घ्यावी असा ठराव मांडला गेला. विरोध झाला, दोन तास गेले, ठराव झाला. ऑक्टोबरमध्ये मालकांनी स्वतः निरोप पाठवला की मोजणी होईपर्यंत खोपटी सोडून तार ओढतो. निरोप आणणाऱ्या गड्याबरोबर त्यांनी वाडीला एक पोते तांदूळही पाठवले. वाडीने ते घेतले. त्यावरून तरुणांत आणि म्हाताऱ्यांत भांडण झाले, ते अजून मिटलेले नाही.

यंदाच्या ताडपत्री निधीतून आम्ही मोजणीची फी आणि तालुक्याला जाण्या-येण्याचा खर्च केला आहे. वाडीच्या बैठकीत विचारूनच केला. जुन्या ताडपत्र्या त्यांनी जोडून शिवल्या आहेत. हिशेब कार्यालयात पाहायला मिळेल.

मोजणीची तारीख अजून मिळालेली नाही. दरवर्षी उचल घेऊन कोळशाच्या भट्टीवर जाणारी चार कुटुंबे या वेळी गेली नाहीत, कारण मोजणीदार येतील त्या दिवशी खोपट्यात माणूस दिसला पाहिजे. तोवर त्यांना इथे मजुरी मिळावी म्हणून शोध चालू आहे. मालवण किंवा देवगड भागात कोणा वाचकाकडे बागेचे, चिऱ्याचे वा जाळी विणण्याचे काम असेल, तर कृपया कळवावे. मजुरी रोजच्या रोज द्यावी, उचल देऊ नये.