कोकणकड्याची वाट आणि हलाल रोजी

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याला समुद्र नाही. पण कोकणकडा आहे. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला १,४२४ मीटर उंचीच्या हरिश्चंद्रगडावरून हा कडा सरळ कोकणात उतरतो. मध्यभागी तो आतल्या बाजूला वळलेला आहे. पावसाळ्यात खालची दरी ढगांनी भरते आणि नशीब असेल तर तेथे गोलाकार इंद्रधनुष्य, म्हणजे इंद्रवज्र, दिसते.

हे पाहण्यासाठी मुंबई-पुण्याहून दर शनिवार-रविवारी तरुणांच्या झुंडी येतात. पुणे जिल्ह्यातील खिरेश्वरहून टोलार खिंडीची वाट लांबची आहे. ठाणे जिल्ह्याच्या बाजूची नळीची वाट सरावलेल्यांनाच जमते. सर्वांत सोपी वाट आपल्या जिल्ह्यातील पाचनई गावातून जाते. त्यामुळे धंद्याचा ओघही इकडेच आहे. जिल्ह्यातील आपल्या तरुणांनी याकडे व्यापाराच्या नजरेने पाहावे, म्हणून हा लेख.

'व्यापार' म्हटले की आपल्याकडे आधी जागा घेण्याचा विचार सुरू होतो. येथे तो सोडलेला बरा. हा आदिवासी भाग आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६ अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला शासकीय परवानगीशिवाय घेता येत नाही. दुसऱ्याचे नाव पुढे करून जागा घेणे हा कायद्याच्या दृष्टीने गुन्हा आणि दीनच्या दृष्टीने धोका आहे. अशा जागेवरची कमाई हलाल कशी म्हणावी? शिवाय १९८६ पासून हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. तंबू, शेकोटी, बांधकाम यांवर वनखात्याचे नियम लागू होतात.

खरी मागणी सेवेची आहे. राजूरहून पाचनईपर्यंत गाडी, भाड्याचे तंबू, पाठपिशव्या, रेनकोट, बुटांची दुरुस्ती ही कामे संगमनेर, अकोले, राजूर येथील दुकानदार करू शकतात. हेच सामान भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी मुक्काम करणाऱ्यांनाही लागते. वाटाड्या आणि जेवण मात्र पाचनईच्या लोकांकडेच राहू द्यावे. वाट त्यांची आहे, धुक्यात ती त्यांनाच सापडते. पिठलं-भाकरीचे जेवण असल्याने भिवंडी-मालेगावहून येणाऱ्या आपल्या मुलांना हलालचा प्रश्नही पडत नाही. गडावर हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर व केदारेश्वराची गुहा आहे. तेथील लोकांच्या भावनांचा मान गाडीवाल्याने आणि प्रवाशानेही राखावा.

भांडवलाचे काय? हा धंदा हंगामी आहे. जून ते फेब्रुवारी गर्दी, मार्चपासून ऊन. त्यातही आठवड्याचे दोनच दिवस. व्याजाचा हप्ता मात्र बाराही महिने येतो. कर्जाने गाडी घेणारा उन्हाळ्यात अडकतो तो येथेच. यावर मुदारबतचा मार्ग आहे. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत. हजरत खदीजा (रजि.) यांच्या भांडवलावर प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी व्यापार केला, तो याच प्रकारचा होता.

समजा, एकाने तंबूंसाठी १ लाख रुपये दिले आणि नफ्याची वाटणी ६०-४० ठरली. हंगामाअखेर खर्च वजा जाता ३०,००० रुपये नफा झाला, तर मेहनत करणाऱ्याला १८,००० आणि भांडवलदाराला १२,००० मिळतील. तोटा झाला तर तो भांडवलदाराचा. दुसऱ्याची मेहनत वाया जाते. निष्काळजीपणाने तंबू फाडले, तर जबाबदारी मात्र मेहनत करणाऱ्याची. 'दरमहा इतके रुपये द्यायचेच' अशी अट घातली, की ती मुदारबत राहिली नाही. सूरह बकराच्या आयत २८२ मध्ये उधारीचा व्यवहार लिहून साक्षीदार ठेवण्याचा आदेश आहे. भागीदारीही त्याच शिस्तीने कागदावर आणावी. भावाभावांत कागद कशाला, असे म्हणणारेच पुढे भांडताना दिसतात.

पाऊस जूनमध्ये लागतो. पाचनईच्या घरांशी जेवणाचे आणि वाटाड्याचे दर मे महिन्यातच ठरवून घ्यावेत आणि आगाऊ रक्कमही तेव्हाच द्यावी. शनिवारी गाडी भरून दारात उभे राहिल्यावर घासाघीस करू नये.