फॉरमॅट मारण्याआधी

पारनेरात संगणकाच्या खोक्याला कुणी कॅबिनेट म्हणत नाही. त्याचं नाव सीपीयू. आणि दुखणं कुठलंही असो, माझ्या टेबलावर सीपीयू आणून ठेवणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "हँग होतोय, फॉरमॅट मारून द्या." डॉक्टरकडे जाऊन थेट सलाइन लावायला सांगावं, तसंच हे.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरातल्या एका सकाळी टाकळी ढोकेश्वरकडचे एक शेतकरी जुन्या गोधडीत गुंडाळून सीपीयू घेऊन आले. त्यांना आपण नाना म्हणू. थोरल्या मुलाने एमएस-सीआयटी केली तेव्हा घेतलेला हा संगणक. हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि गावोगावच्या पोरांचा हात पहिल्यांदा माउसवर पडला. त्या लाटेत आमच्याकडे अशी बरीच यंत्रं घरात आली. पोरगं पुढे नोकरीला गेलं आणि संगणक नानांच्या दूध संकलनाच्या कामाला लागला. पहाटे साडेपाचला दूध येणार, लिटर आणि फॅट लिहायचं, दहा दिवसांनी पगार काढायचा.

"भाऊ, सकाळी लई छळतंय," नाना म्हणाले. "चालू केलं की तिथंच गप उभं राहतंय. तीन-चारदा बंद-चालू केलं की मग जातंय पुढं. अन् दुपारी बघा, सुतासारखं चालतंय. दोनदा फॉरमॅट मारून झालं. परत तेच."

त्या बोलण्यात निम्मं निदान होतं. कसं, ते कळायला बटण दाबल्यावर आत काय घडतं ते आधी बघू.

बटणापासून पडद्यापर्यंत

बटण दाबलं की आधी जागा होतो तो पॉवर सप्लाय, आपल्या बाजारातला एसएमपीएस. घरातल्या २३० व्होल्टचं तो १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करतो. हे दाब स्थिर झाले की मदरबोर्डला एक इशारा देतो : वीज ठीक आहे. त्याला अर्धा सेकंदही लागत नाही. हा इशारा मिळेपर्यंत प्रोसेसरला रोखून धरलेलं असतं.

मग प्रोसेसर एका ठरलेल्या पत्त्यावर जातो. तिथे बायोसच्या चिपमध्ये लिहिलेली आज्ञावली असते. ती मेमरी, कीबोर्ड, ग्राफिक्स, डिस्क यांची हजेरी घेते. कुणी गैरहजर असेल तर जुने बोर्ड शिट्टी वाजवतात. एक लांब, दोन आखूड असे त्यांचे संकेत कंपनीगणिक वेगळे.

हजेरी संपली की जुन्या पद्धतीत डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचले जातात. देवनागरीच्या एका चिन्हाला आज तीन बाइट लागतात. म्हणजे १७० चिन्हं, पोस्टकार्डावरच्या तीन-चार ओळी. त्याहून मोठी जागा नाही. एवढ्यात पुढचा मोठा कार्यक्रम कुठे ठेवलाय याचा पत्ता असतो. तो कार्यक्रम विंडोजचा गाभा उचलतो, गाभा ड्रायव्हर उचलतो, ड्रायव्हरांमागून सेवा आणि सगळ्यात शेवटी डेस्कटॉप.

विहिरीवरची मोटर चालू करणाऱ्याला ही साखळी नवी नाही. फ्यूज, स्टार्टर, मोटर, फूटव्हॉल्व आणि मग पाइपातून पाणी. पाणी आलं नाही म्हणून कुणी लगेच नवी पाइपलाइन टाकत नाही. मोटर गुरगुरतेय का, फिरतेय का, फिरूनही पाणी ओढत नाही का, हे आधी बघतात. संगणकाच्या बाबतीत मात्र तोच माणूस पाइपलाइन उपटायला निघतो. फॉरमॅट म्हणजे तेच. डिस्कवरचं सगळं पुसून विंडोज नव्याने भरणं. बिघाड विंडोजच्या आधीच्या पायरीवर असेल तर त्याचा कवडीचा उपयोग नाही. म्हणून माझा पहिला प्रश्न एकच असतो : अडकतो कुठे?

चिन्हाच्या आधी

पडदा काळाच राहिला किंवा कंपनीचं चिन्ह येऊन तिथेच थांबलं, तर विंडोजचा दोष नाही. त्याची पाळीच आलेली नाही. आधी बाहेरचं सगळं काढा : प्रिंटर, पेन ड्राइव्ह, कार्ड रीडर, वेबकॅम. यूएसबीला लावलेली एखादी बिघडलेली वस्तूही हजेरी अडवून धरते. मग प्लग काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, म्हणजे बोर्डावर उरलेली वीज निघून जाते. आता फक्त कीबोर्ड आणि मॉनिटर लावून बघा.

तरी अडकला तर रॅम. पारनेर पर्जन्यछायेतला तालुका, उन्हाळ्यात घरभर धूळ. खाचेत बारीक माती बसते, पावसाळ्यात तिला ओल लागते आणि सोनेरी पट्ट्यांवर थर चढतो. प्लग काढायचा, रॅमच्या बाजूच्या खिट्ट्या उघडायच्या, पट्टी कडेने धरून बाहेर घ्यायची आणि सोनेरी दातांवर शाळेचं पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवायचं. चुरा झटकून ती 'टक्' आवाज येईपर्यंत परत बसवायची. पट्ट्या दोन असतील तर एकेकटी लावून बघायची. अशा किती यंत्रांवर माझा खर्च खोडरबराएवढाच झाला असेल!

याच टप्प्यावर 'एफ-१ दाबा' असं विचारून यंत्र थांबत असेल आणि तारीख भलत्याच वर्षाची दिसत असेल, तर बोर्डावरचा बटण सेल संपलाय. त्याच्या नावातच माप आहे. सीआर-२०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. तीन व्होल्टचा हा सेल वीज नसताना घड्याळ चालू ठेवतो आणि जुन्या बोर्डांच्या सेटिंग्ज लक्षात ठेवतो. तो मेला की डिस्कची सेटिंग मूळपदावर जाते आणि चालतं विंडोजही कधीकधी अडकतं. तारीख चुकली की बँकेची, सरकारी दाखल्यांची संकेतस्थळंही उघडत नाहीत. सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत यंत्राला जुळत नाही. लोक इंटरनेटवाल्याला शिव्या देतात आणि दोष असतो बटण सेलचा.

चिन्हाच्या नंतर

विंडोजचं चिन्ह आलं, टिंबं फिरली आणि फिरतच राहिली, तर संशय डिस्कवर किंवा ड्रायव्हरवर. आधी कान द्या. हार्ड डिस्क ठरावीक अंतराने 'टिक... टिक' करत असेल तर यंत्र तिथेच बंद करा. अशा डिस्कवर दुरुस्तीचा कार्यक्रम चालवणं म्हणजे मोडक्या पायाच्या बैलाला औताला जुंपणं. आधी दुसऱ्या यंत्राला जोडून फोटो, हिशोब उतरवून घ्यायचे, मग पुढचं. आवाज नसेल तर डेटा केबल बदलून बघा. शंभरेक रुपयांच्या केबलने फसवलेली माणसं मी पाहिली आहेत.

ड्रायव्हरचा संशय असेल तर सेफ मोड. एक्सपी आणि सेव्हनमध्ये सुरुवातीला एफ-८ दाबायचं. विंडोज १० सुरू होताना लागोपाठ दोन-तीनदा अडलं की दुरुस्तीचा पडदा आपणच पुढे आणतं. सेफ मोडमध्ये मोजकेच ड्रायव्हर उचलले जातात. त्यात यंत्र नीट चाललं तर नुकतं काय टाकलं होतं ते आठवा.

इथे एक जुनी फसगत सांगतो. एक्सपीच्या काळात सेफ मोडला फायलींची नावं पडद्यावर सरकत आणि हटकून 'एमयूपी डॉट एसवायएस' या नावावर थांबत. लोकांनी ती फाइल बदलली, पुसली, तिला व्हायरस ठरवलं. ती बिचारी केव्हाच लोड झालेली असे. अडथळा असे तिच्या पुढच्या पायरीत, ज्याचं नाव पडद्यावर यायचंच राहिलेलं असे. कंट्रोलरच्या वहीत एसटीची शेवटची नोंद सुप्याची असेल, तर बिघाड सुप्याच्या स्टँडात शोधायचा नसतो, सुप्याच्या पुढच्या रस्त्यावर शोधायचा असतो.

डेस्कटॉप आल्यावर

सगळं दिसतं, पण माउस थिजतो. इथे बहुधा गर्दी असते : दोन-दोन अँटिव्हायरस, प्रिंटरचे मदतनीस, न मागता आलेले कार्यक्रम. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीतून नको ते बंद करावं. दर वेळी पाच-सात मिनिटांनीच थिजत असेल तर उष्णता. प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीची वाकळ साचलेली असते. पंखा बोटाने धरून ठेवावा आणि मग ब्लोअर मारावा. मोकळा सोडला तर तो वाऱ्याने बेफाम फिरतो आणि त्याचे बेअरिंग जातात. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी वाटाण्याएवढी लावावी.

दोष यंत्राचा की विंडोजचा हे ठरत नसेल तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघा. डिस्कला हात न लावता ते चालतं. तासभर सुरळीत चाललं तर बोर्ड आणि रॅम बहुधा ठीक. मग गुन्हेगार डिस्क किंवा तिच्यावरचं विंडोज. फॉरमॅटचा विचार करायचा तो इथे, डेटा उतरवून घेतल्यावर.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. रॅम पुसली, केबल बदलली, सेल घातला आणि यंत्र चाललं. पण कशाने चाललं? पुढच्या खेपेला आपण पुन्हा तिथेच. एसएमपीएसचं झाकण मात्र घरी उघडू नका. त्यातल्या कपॅसिटरांत तीनशेहून अधिक व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकतात.

नानांचा कंडेन्सर

आता नानांच्या सीपीयूकडे. तो चिन्हाच्या आधीच अडकत होता, म्हणून दोन्ही फॉरमॅट वाया गेले. थंडीत अडकत होता, ऊब आली की चालत होता. मी बाजूचा पत्रा काढला आणि टॉर्च प्रोसेसरच्या कडेला धरली. तिथे शेंगदाण्याएवढ्या उभ्या नळकांड्यांची रांग असते. त्यांच्या माथ्यावर फुलीसारखी खाच मुद्दाम पाडलेली असते, आत दाब वाढला तर तिथून फुटावं म्हणून. सहा नळकांड्यांचे माथे सपाट असायला हवे होते, ते पुरीसारखे फुगले होते. दोघांच्या खाचेतून तपकिरी खरपुडी बाहेर आली होती.

"नाना, हे कपॅसिटर. प्रोसेसरला लागणारी वीज स्थिर ठेवतात."

नानांनी चष्मा वर केला, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "म्हंजी कंडेन्सर! मोटरीचा गेला की मोटर नुसती गुरगुरती, फिरत न्हाई. पंख्याचा गेला की पंखा पेंगतो. मंग हे बी तसंच की!"

तसंच होतं. साधारण १९९९ ते २००७ या काळात जगभरच्या मदरबोर्डांत सदोष रसायनाचे कपॅसिटर गेले आणि दोन-चार वर्षांत फुगू लागले. या साथीला कपॅसिटर प्लेग असं नाव पडलं. आतलं द्रव आटलं की कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो, थंडीत तो आणखी वाढतो आणि यंत्र पहाटे अडतं. दोन-तीनदा चालू-बंद करताना ऊब येते, मग ते निघतं. सहा नवे कपॅसिटर मागवून डाग दिले, तेवढ्याच व्होल्टचे, १०५ अंशांपर्यंत टिकणारे. पहाटेचं दूध वेळेवर लिहिलं जाऊ लागलं.

आज अशी यंत्रं कमी झाली. ज्यांची अजून धडधडतात त्यांच्यासाठी दोन शब्द. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घातली तर दहा वर्षांचं यंत्रही तरतरीत होतं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला टीपीएम २.० लागतं, ते बऱ्याच जुन्या बोर्डांत नाही. तिथे हलकं लिनक्स बरं. आणि खरंच संपलेलं यंत्र उकिरड्यावर न टाकता अधिकृत ई-कचरा केंद्रात द्यावं.

पुढच्याच वर्षी वसुबारसेच्या दिवशी नानांचा फोन आला. मागे कॅन आदळल्याचा आवाज येत होता.

"भाऊ, काळ्या पडद्यावर थांबलंय, चिन्हाच्या आधी. एफ-१ मागतंय. तारीख दोन हजार पाचची दावतंय." क्षणभर थांबून ते म्हणाले, "पोराला पाठवतोय, तो बारका सेल तेवढा द्या. बसवतो मी."