कोवलम: पाण्याची वाट आणि अभियंत्याची रेघ

चेन्नईच्या दक्षिणेला, पूर्व किनारा मार्गावर चाळीसेक किलोमीटरवर कोवलम लागतं. केरळातलं कोवलम वेगळं. हे कोळ्यांचं गाव. २०२१ साली इथल्या किनाऱ्याला ‘ब्लू फ्लॅग’ मिळाला. किनारा स्वच्छ राहिला याचा आनंदच आहे. पण कोवलमचं बरंवाईट ठरतं ते किनाऱ्यामागच्या जमिनीवर. दक्षिण चेन्नईतला पाऊस पळ्ळिकरणैच्या दलदलीत उतरतो, ओक्कियम मडुवू या ओढ्यातून बकिंगहॅम कालव्यात येतो आणि मुट्टुकाडूच्या खाडीतून कोवलमपाशी समुद्र गाठतो. पायाभूत प्रकल्पांची शाश्वतता कशाला म्हणायचं, हे या पट्ट्यात फिरलं की नीट कळतं.

पळ्ळिकरणैला २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जा मिळाला. तोवर दलदलीचा बराच मोठा भाग रस्ते, आयटी कंपन्यांच्या इमारती आणि पेरुंगुडीच्या कचराभूमीखाली गेला होता. डिसेंबर २०१५ मध्ये शहर पुरात बुडालं आणि २०१९च्या उन्हाळ्यात त्याच शहराचे तलाव कोरडे पडून टँकरपुढे रांगा लागल्या. साडेतीन वर्षांत एकाच शहराची ही दोन टोकं! पाऊस कमीजास्त होतो हे खरं, पण तो मुरायची आणि साचायची जागा आपण बांधून काढली, हे त्याहून खरं.

पुरानंतर महापालिकेने कोवलम खोऱ्यासाठी पर्जन्य जलवाहिन्यांचा मोठा प्रकल्प हाती घेतला. कर्ज जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचं. मडिपाक्कम, नंगनल्लूरसारख्या सखल वस्त्यांना या वाहिन्यांची गरज होती. दर पावसात घरात पाणी शिरणाऱ्या माणसाला त्याबद्दल कुणी शिकवू नये. प्रश्न आला तो किनाऱ्यालगतच्या तिसऱ्या टप्प्यात, कोट्टिवाक्कम ते उत्तंडी या भागात.

ही सगळी जमीन वाळूची. तिरुवान्मियूरपासून कोवलमपर्यंत वाळूच्या पोटात गोड्या पाण्याचा साठा आहे. पाऊस पडला की पाणी तिथेच जिरतं आणि खाली मुरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण ते हलकं असतं. या साठ्याचं गणित फार नाजूक आहे: गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ फूट वर असेल, तर तिच्या खाली सुमारे ४० फुटांपर्यंत गोडं पाणी टिकतं. ती पातळी फूटभर उतरली की खालचं खारं पाणी तितक्याच पटीने वर चढू पाहतं. अशा ठिकाणी काँक्रीटची वाहिनी टाकून पावसाचं पाणी समुद्राकडे काढून देणं म्हणजे विहिरींच्या तोंडचं पाणी पळवणं. रहिवाशांनी हेच मांडलं, प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं आणि आराखड्यात बदल करावे लागले. कालव्याच्या पश्चिमेला जी वाहिनी हवी, तीच पूर्वेला घातक. मैलभराच्या अंतरात उत्तर बदलतं, पण निविदा मात्र सरसकट निघते. मला या सगळ्या कहाणीत हा मुद्दा सर्वांत मोलाचा वाटतो. जमिनीची ओळख तिथे राहणाऱ्याला असते आणि तिची दखल नकाशा तयार होण्याआधी घ्यायला हवी, कोर्टात गेल्यावर नाही.

मुंबईकरांना हे परकं वाटू नये. मुंबईच्या पर्जन्य जलवाहिन्यांबद्दलचा १९९३चा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल कागदावर होता, तरी २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मिठी नदीचं पात्र आक्रसलेलंच होतं. आता मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प येऊ घातला आहे. त्यासाठी कोवलमच्या दक्षिणेला नेम्मेलीकडे पाहावं. तिथे २०१३ साली रोज १० कोटी लिटरचा आणि २०२४ साली १५ कोटी लिटरचा प्रकल्प सुरू झाला. दुष्काळात हे पाणी आधार आहे, यात शंका नाही. पण १०० लिटर समुद्रजलातून जेमतेम ४०-४५ लिटर गोडं मिळतं, उरलेलं दाट खारं पाणी परत समुद्रात जातं. हजार लिटरमागे तीन-चार युनिट वीज लागते. आणि किनाऱ्यालगतच्या कोळ्यांनी, किनारा खचतो, मासळी दूर जाते, अशा तक्रारी वर्षानुवर्षं केल्या आहेत. शेजारच्या वाळूत फुकट मुरणारं पाणी वाहून जाऊ द्यायचं आणि विजेच्या बिलावर समुद्र गाळायचा, हा हिशेब मला पटत नाही.

आता तमिळनाडू सरकारने २०२५-२६च्या अर्थसंकल्पात कोवलमजवळ चेन्नईसाठी नवा जलाशय जाहीर केला आहे: १.६ टीएमसी, खर्च सुमारे ३५० कोटी रुपये. पूर अडवायचा आणि पिण्याला पाणी साठवायचं, असा दुहेरी हेतू. हेतू चांगलाच आहे. मात्र जागा खाडीलगतची, अर्धखाऱ्या पाण्याची. कोळंबी आणि खेकड्यावर जगणारी कुटुंबं तिथे आहेत. बांध घातल्यावर भरतीचं खारं पाणी आत शिरेनासं झालं, तर कोळंबीचं काय होणार? पावसाळ्यात दार कधी उघडायचं आणि ते ठरवणार कोण? खाडीचं मुख वाळूने बुजतं तेव्हा ते उपसायचा खर्च कुणाच्या माथी? या प्रश्नांची उत्तरं बांधाची उंची ठरण्याआधी, तमिळमध्ये, कोळीवाड्यातल्या लोकांसमोर मांडली जावीत आणि त्यांच्या हरकती आराखड्यात उतराव्यात.